संततीची इच्छा आणि मातापित्यांचे कर्तव्य

अपत्य व्हावे ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणी स्वाभाविक आहे. परंतु जी व्याधी आपल्या देहात आहे, ती अपत्याच्याही देहात जाण्याचा संभव असेल, तर त्या इच्छेचा धर्मदृष्ट्या विचार कसा करावा? एच.आय.व्ही. या विषाणूची बाधा झालेल्या पतिपत्नींपुढे हा प्रश्न उभा असतो. त्यांना दोष देण्यास आप्तेष्ट तत्पर असतात. विचारात साह्य करण्यास मात्र थोडेच पुढे येतात. म्हणून या प्रश्नाची दोन्ही अंगे येथे पाहू.

एक पक्ष असा की, अशा दांपत्याने संततीचा विचारच सोडून द्यावा. जन्मास येणाऱ्या जीवाची संमती कोणी घेत नाही. मग आपल्या सुखासाठी निरपराध बालकाच्या माथी आयुष्यभराचा रोग मारणे ही हिंसा नव्हे काय? हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. भारतात या विषाणूची बाधा प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळून आली. त्या वेळी त्यावर उपाय नव्हता. उपचार न झाल्यास बाधित मातांच्या दर शंभर बालकांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बालकांना गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी अथवा स्तनपानातून बाधा होते. पित्याकडून ती गर्भाला परस्पर होत नाही, मातेच्या द्वारेच होते. शिवाय मातापित्यांचेच आयुष्य तेव्हा थोडे उरलेले असे. त्या काळी ज्यांनी संयमाचा उपदेश केला ते निष्ठुर होते, असे म्हणता येणार नाही.

परंतु कर्तव्याचा निर्णय वस्तुस्थितीच्या ज्ञानावर अवलंबून असतो, आणि ते ज्ञान आता पालटले आहे. अमेरिका व फ्रान्स येथे झालेल्या एका प्रयोगातून १९९४ साली असे सिद्ध झाले की, मातेला व नवजात बालकाला झिडोव्हुडीन हे औषध दिल्यास बाधेचे प्रमाण शंभरांत सुमारे पंचविसांवरून आठांवर येते. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून अशी औषधे विनामूल्य देण्यास २००४ साली प्रारंभ झाला, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म उपचार देण्याचे धोरण आहे. उपचार वेळेवर सुरू होऊन नियमाने चालल्यास हे प्रमाण शंभरांत पाचांच्या खाली, अनुकूल परिस्थितीत एक-दोनांपर्यंतही येते. औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला आणि तसाच दबून राहिला, तर पतिपत्नींच्या संबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. नियमित उपचार घेणारी व्यक्ती मुले वाढवून नातवंडे पाहण्याइतके आयुष्य जगू शकते.

तेव्हा 'यांना संततीचा अधिकार आहे काय?' असे विचारण्यापेक्षा 'या इच्छेबरोबर येणारी कर्तव्ये ते पाळतील काय?' असे विचारणे योग्य ठरेल. धर्माशी विरोध नसलेली कामना ही आपलीच विभूती होय, असे भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. कामना धर्माला अनुकूल होते ती आचरणाने. येथे पहिले कर्तव्य सत्याचे. मुलाचा रोग लपवून वंशाच्या दिव्यासाठी त्याचे लग्न उरकून टाकणारी घरे आहेत. अशा घरात येणाऱ्या मुलीची आणि तिच्या उदरी येणाऱ्या जीवाची ही उघड वंचना आहे. दुसरे कर्तव्य नियमाचे. गर्भधारणेपूर्वी वैद्यांचा सल्ला घेऊन विषाणू दबल्याची खात्री करावी आणि औषधात एक दिवसही खंड पडू देऊ नये. बाळाला निदान सहा आठवडे औषध पाजावे. स्तनपान द्यावयाचे असल्यास वैद्यांच्या देखरेखीखाली पहिले सहा महिने केवळ मातेचेच दूध द्यावे, कारण त्या काळात वरचे अन्न मिसळल्याने बाधेचा धोका वाढतो. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत ठरल्या वेळी करून घ्यावी.

यावर कोणी म्हणेल, "तरीही शंभरांत एखादे बालक उरतेच ना?" उरते. ते नाकारणे असत्य होईल. परंतु संपूर्ण निर्भयतेचे आश्वासन कोणते मातापिता आपल्या अपत्याला देऊ शकतात? मधुमेह वा हृदयविकार असलेल्या घराण्यांना आपण हा प्रश्न विचारीत नाही. जे आपल्या हाती आहे ते सर्व निष्ठेने केले की नाही, हीच मनुष्याच्या कर्तव्याची कसोटी. उलट औषध टाकून 'देव बघून घेईल' म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती कर्तव्यच्युती होय. आणि जे दांपत्य विचारपूर्वक अपत्य न होऊ देण्याचे ठरवते किंवा पोरक्या बालकाला आपलेसे करते, त्याचा निर्णयही तितकाच आदरणीय आहे.

आता समाजाच्या कर्तव्याकडे वळू. पुष्कळ स्त्रियांना आपल्या बाधेचा पत्ता गर्भवती असतानाच्या तपासणीत लागतो. प्रथम चाचणी तिची होते, म्हणून प्रथम दोषही तिच्याच माथी येतो. बाधा पतीकडून आली असली तरी घराबाहेर तीच काढली जाते. हे पूर्वकर्माचे फळ आहे, असे म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतात. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या वाट्याला आलेले कर्म तिला साह्य करण्याचे आहे. या भयाने एखादी स्त्री तपासणी टाळते, औषध लपवते, चुकवते. आणि त्यातून बालकाला बाधा झाली, तर त्या पापाचा वाटा तिची निंदा करणाऱ्यांकडेही जातो. २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि बाधित गर्भवतीचा गर्भपात वा नसबंदी तिच्या समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही, असे ठरवले आहे. परंतु सासूच्या, नणंदेच्या आणि शेजारणीच्या जिभेला कायदा पोहोचत नाही. तेथे विवेकच पोहोचला पाहिजे.

वाचकहो, अशी एखादी माता आपल्या परिचयात असेल, तर तिचे गुपित आपल्यापाशीच राहू द्यावे, तिच्या औषधाची वेळ चुकू नये एवढी सोय करावी आणि तिचे बाळ निःशंक मनाने उचलून घ्यावे. त्या स्पर्शाने कोणालाही बाधा होत नाही.