खांद्यावरचें ओझें आणि मंडपाचें दार

(वाचनाचा भाग : गणना ८:२३–२६; १ शमुवेल ३; २ शमुवेल १९:३१–३९)



गणनाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटीं एक लहानसा नियम आहे. वाचतांना आपण तो बहुधा ओलांडून पुढें जातों, कारण त्यांत ना चमत्कार आहे ना लढाई. लेव्यांच्या सेवेचें वय तेथें सांगितलें आहे. लेवी पंचवीस वर्षांचा झाला म्हणजे त्यानें दर्शनमंडपाच्या कामास लागावें, आणि पन्नास वर्षांचा झाला म्हणजे त्यानें तें कष्टाचें काम सोडावें. मात्र त्यानें आपल्या भाऊबंदांबरोबर मंडपांतच राहून रक्षणाचें काम पाहावें.

आमच्या मंडळ्यांत ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना उद्देशून आम्ही हें लिहीत आहों. त्यांत पाळक व उपदेशक आहेत, शाब्बाथशाळेचे शिक्षक व मंडळीचे वडील आहेत, आणि ज्यांच्या हातीं अजून औताचा कासरा किंवा घरच्या कोठीची किल्ली आहे असे आईबापही आहेत. काम बदलण्याची वेळ आली हें कशावरून ओळखावें, हा प्रश्न त्यांतील पुष्कळांच्या मनांत घोळत असतो. पण तो कोणाजवळ काढतां येत नाहीं. बोलावें तर लोक म्हणतात, म्हातारा थकला. न बोलावें तर रात्रीं झोंप येत नाहीं.

प्रथम तें ओझें केवढें होतें तें पाहूं. मरारीच्या वंशजांकडे मंडपाच्या फळ्या, अडसर, खांब आणि बैठका होत्या. फळ्या ४८, आणि प्रत्येक १० हात लांब. रुप्याच्या बैठका १०० होत्या. एकेकीला एक किक्कार रुपें लागलें होतें, म्हणजे एकेक बैठक ३० किलोंच्या आसपास तरी भरत असली पाहिजे. त्यांना चार गाडे व आठ बैल दिले होते खरे, पण चढविणें व उतरविणें माणसांच्याच हातांनीं. कहाथाच्या वंशजांना तर गाडाच नव्हता. कोश, मेज, दीपवृक्ष आणि वेद्या त्यांनीं खांद्यावर वाहावयाच्या होत्या. मेघ वर उठला कीं तळ हलवावयाचा, मग पायांखालीं वाळू असो कीं खडक. अशा वाटेवर वय झालेल्या माणसाचा पाय घसरला तर त्याचें एकट्याचेंच नुकसान होत नाहीं. दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला जो असतो तोही पडतो, आणि दांड्यावर कराराचा कोश असतो.

हा नियम देवाच्या तोंडून आला, हें विशेष लक्षांत घ्यावें. तरुण लेव्यांनीं सभा भरवून म्हाताऱ्यांना काढलें असें नाहीं; म्हाताऱ्यांनीं रुसून काम टाकलें असेंही नाहीं. (ज्या मंडळ्यांत हीं दोन्ही एकाच वर्षीं घडतात त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.) आणि ज्याचें ओझें उतरलें तो मंडपाबाहेर गेला नाहीं. कोणती कनात कोणत्या बाजूस, कोणती दोरी कोणत्या मेखेस, कोणतें पात्र आधीं झांकावयाचें, हें पंचवीस वर्षें काम केलेल्या माणसावांचून कोणाला ठाऊक असणार? त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत सेवेचें वय तिसाव्या वर्षापासून धरलें आहे. म्हणून कित्येक पंडितांचें मत असें आहे कीं पंचविशीपासूनचीं पहिलीं पांच वर्षें शिकण्याचीं असावींत. शिकविलें कोणीं हें वचनांत नाहीं. पण आपण शेतकरी लोक आहों. नवा गोऱ्हा औताला लावावयाचा असला म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा नवा गोऱ्हा शहाणा मनुष्य लावीत नाहीं. वाटेला लागलेला जुना बैल शेजारीं असावा लागतो. जोर गोऱ्ह्याचा, पण नांगराची रेघ सरळ जाते ती जुन्याच्या पावलावर.

पुढें दावीद राजाच्या काळीं हेंच वय बदललें. मंडप ठिकठिकाणीं वाहून नेण्याची गरज उरली नाहीं, म्हणून लेव्यांची गणती विसाव्या वर्षापासून करण्यांत आली, असें १ इतिहासाच्या २३ व्या अध्यायांत आहे. यास्तव पन्नास हा आंकडा कोणीं आपल्या शेजाऱ्याच्या तोंडावर फेंकूं नये. काम बदललें तसा आंकडाही बदलला. पाहावयाचें तें ओझें, आणि तें वाहणारा खांदा.

तर मग वेळ आली हें कशावरून समजावें? नुसत्या थकव्यावरून नव्हे. एलीया ईजबेलीच्या भयानें रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला, आणि त्यानें मरण मागितलें. त्या घटकेस देवानें त्याच्या जागीं दुसरा नेमिला नाहीं. त्याला झोंपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां झोंपूं दिलें. होरेबापर्यंतची चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर मग अलीशाचें नांव निघालें. यावरून आम्हांस असें वाटतें कीं थकलेल्या रात्रीं कोणीं राजीनामा लिहूं नये. पोटभर जेवावें, एक पावसाळा जाऊं द्यावा, देवाजवळ विचारीत राहावें. आणि तरीही तोच विचार राग किंवा रडगाणें न आणतां शांतपणें परत आला, तर त्याकडे लक्ष द्यावें.

याहून खरी खूण आम्हांस एलीच्या घरीं दिसते. एली चाळीस वर्षें इस्राएलाचा न्याय करणारा मनुष्य. त्यानें आपल्या पुत्रांना आवरलें नाहीं, हा त्याचा दोष वचन झांकून ठेवीत नाहीं. पण त्या एका रात्रीची गोष्ट पाहा. त्याची दृष्टि मंद झाली आहे, तो आपल्या जागीं निजला आहे. परमेश्वराची हांक येते ती त्याला ऐकूं येत नाहीं. मंदिरांत निजलेल्या पोराला ऐकूं येते. मुलगा धांवत येतो, एली त्याला परत निजावयास पाठवितो. पुन्हां तसेंच. तिसऱ्या खेपेस एली उमजला. त्या वेळीं तो म्हणूं शकला असता कीं, याजक मी आहें, देव बोलेल तर माझ्याशीं बोलेल, तूं गप्प नीज. तसें तो म्हणाला नाहीं. हांक आल्यावर उत्तर काय द्यावें हें त्यानें मुलाला शिकविलें, आणि सकाळीं तो निरोप, जो त्याच्याच घराण्याविरुद्ध होता, त्यानें आग्रहानें विचारून घेतला व देवाचा म्हणून मान्य केला.

आपणांस ऐकूं येत नाहीं तें आतां दुसऱ्यास ऐकूं येऊं लागलें आहे, हें ज्याला कळलें त्याची वेळ भरली आहे. पण त्याच वेळीं त्याच्यापुढें एक काम येतें, जें मुलाला करतां येत नाहीं. हांक शमुवेलाला ऐकूं आली खरी, परंतु ती कोणाची हें त्याला एलीनें सांगितलें. एली त्या रात्रीं तेथें नसता, किंवा असून हट्टास पेटला असता, तर तो मुलगा कितीदां उठला असता आणि कितीदां परत निजला असता कोण जाणे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अशी एखादी मंडळी पाहिली असेल. उपदेश एकच मनुष्य करतो. भजनाला सुरुवात तोच करतो. पेटीही तोच वाजवितो. दानाची वही त्याच्याच पिशवींत, आणि देवळाची किल्ली त्याच्याच कमरेला. लोक त्याची वाखाणणी करतात, आणि ती खोटी नसते. तीस वर्षें उन्हातान्हांत वाडीवस्ती हिंडून त्याच्या टांचा फुटलेल्या असतात. मग एके वर्षीं तो अंथरुणास खिळतो, आणि दोन रविवार देवळाचें दार बंद राहतें. प्रार्थना चालवील असें गांवांत कोणी नसतें. शिकलीसवरलेलीं मुलें नाताळास घरीं येतात आणि मागें भिंतीला टेकून उभीं राहतात. त्या म्हाताऱ्यानें आळस केला नाहीं, लोभ केला नाहीं. ओझें वाहून वाहून त्याच्या खांद्याला घट्टा पडला. पण दुसऱ्या कोणाच्या खांद्याला घट्टा पडावा इतकें ओझें त्यानें कधीं कोणाला देऊंच दिलें नाहीं.

अशा बंधूस आम्ही म्हणूं, आजच खुर्ची सोडा असें कोणी सांगत नाहीं. या महिन्यांत शास्त्रवाचन एका मुलीकडे द्या, पुढच्या महिन्यांत प्रार्थना एका मुलाकडे. तुम्ही खालीं सतरंजीवर लोकांत बसा. मुलगी वाचतांना अडखळली तर भर सभेंत तिला दुरुस्त करूं नका. संध्याकाळीं तिच्या घरीं जा आणि चहा पितां पितां सांगा. वर्षाच्या अखेरीस आपल्यावांचून उपासना झालेली पाहून पोटांत कालवेल. तें कालवणें पाप नव्हे, तें देवाजवळ बोलावें.

परंतु हें सर्व सांगणें सोपें आहे. ओझें उतरलेल्या माणसानें खावें काय? हा प्रश्न पोटाचा आहे म्हणून हलका नव्हे. कित्येक उपदेशक हात थरथरूं लागले तरी काम सोडीत नाहींत, याचें कारण मान नव्हे, उद्यांची भाकर आहे. याविषयीं मंडळ्यांना आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. गणनाच्या अठराव्या अध्यायांत दशमांश लेव्यांना दिला आहे, आणि तो त्यांनीं व त्यांच्या घराण्यांनीं मिळून खावयाचा आहे. पन्नाशी उलटली कीं लेव्याचें ताट उचलावें, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. पिकाच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं देवळांत ज्वारी-बाजरीचा ढीग पडतो. त्यांतून वृद्ध उपदेशकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या घरीं वर्षभर पुरेल इतकें धान्य सर्वांच्या आधीं मोजून काढावें, आणि तें भीक म्हणून नव्हे, हक्काचें म्हणून पोंचतें करावें. ज्या मंडळीला हें करावयाचें नाहीं तिनें म्हाताऱ्यानें जागा अडविली अशी कुरकुरही करूं नये.

घरांतही हाच न्याय. बापानें कासरा द्यावा. मुलानें बांधावर बापासाठीं सांवली ठेवावी. सासूबाईंनीं किल्ली द्यावी. सुनेनें लोणच्याला मीठ किती हें विचारणें सोडूं नये, ठाऊक असलें तरीही.

काम बदलणें म्हणजे काम संपणें असें समजून पुष्कळजण भितात. "साठी बुद्धि नाठी" ही म्हण त्यांच्या कानीं लहानपणापासून पडलेली असते. त्यांनीं आपल्याच मंडळींतील दोन माणसें आठवावींत. रे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा व बाप्तिस्मा १८९५ चा. अहमदनगरास मिशनच्या सेवेंत पुष्कळ वर्षें काढल्यावर १९१७ त, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीनें "देवाचा दरबार" उभा केला. पुढें दोन वर्षेंही मिळालीं नाहींत. १९१९ च्या मे महिन्यांत ते प्रभूकडे गेले. सर्वांनीं त्यांच्यासारखा पगार सोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्याच्या मागें शिकणारीं मुलें आहेत त्याला तो मार्ग देवानें दाखविला आहे कीं काय, हें त्यानें दहादां पाहावें.

आम्हांस अधिक बोध होतो तो त्यांच्या मागें राहिलेल्या लक्ष्मीबाईंकडे पाहून. त्या त्या वेळीं पन्नाशीच्या होत्या. त्यांना लिहावाचावयास येऊं लागलें तें लग्नानंतर, आणि संसार व दुसऱ्यांचीं मुलें सांभाळणें यांतच त्यांचें बहुतेक आयुष्य गेलेलें. टिळकांचें "ख्रिस्तायन" अपुरें राहिलें होतें. त्याचा कितीतरी मोठा भाग या बाईंनीं उतारवयांत लिहून काढला. "स्मृतिचित्रें"चा पहिला भाग १९३४ त प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांचें वय ६६ च्या आसपास होतें, आणि १९३६ त त्या वारल्या. विधवा झाल्यावर आपलें काम संपलें असें म्हणून त्या कोपऱ्यांत बसल्या असत्या तर त्यांना कोणी नांव ठेविलें नसतें. मराठी वाचणाऱ्यांच्या घरांतून मात्र एक पुस्तक कमी झालें असतें.

शेवटीं गिलादी बर्जिल्लयाकडे येऊं. अबशालोमाच्या बंडांत दावीद राजा पळून महनाइमास आला, तेव्हां या वृद्धानें इतरांबरोबर त्याच्या लोकांसाठीं बिछाने, भांडीं, गहूं, सातू, मसुरा, मध, दहीं व मेंढरें आणून दिलीं. राज्य परत मिळाल्यावर राजा त्याला म्हणाला कीं यरुशलेमास चल, तेथें मी तुझा सांभाळ करीन. आपणांपैकीं किती जणांना तें आमंत्रण नाकारतां आलें असतें? बर्जिल्लयानें आपलें वय मोजलें: ऐंशी वर्षें. जेवणाची चव कळत नाहीं, गाणाऱ्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं, मग राजाला भार कशाला व्हावें, असें तो मोकळेपणानें बोलला. त्यांत कण्हणें नाहीं, कोणावर ठपका नाहीं. राजाबरोबर यार्देन उतरून थोडें अंतर जाण्याचें त्यानें कबूल केलें, आणि किम्हाम नांवाच्या तरुणाला पुढें करून म्हटलें कीं हा आपणाबरोबर येईल, याचें बरें करावें.

राजानें तें मान्य केलें, बर्जिल्लयाचें चुंबन घेतलें, त्याला आशीर्वाद दिला, आणि म्हातारा आपल्या गांवीं परत गेला. दावीदानें मरतेसमयीं शलमोनाला जें सांगितलें त्यांत बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या मेजावर जेवूं घालावें, ही आज्ञा होती. आणि सुमारें ४०० वर्षांनीं, यरुशलेम पडल्यानंतर, भ्यालेले लोक मिसराकडे निघाले, तेव्हां ते बेथलेहेमाजवळ ज्या ठिकाणीं उतरले त्या ठिकाणाला, यिर्मयाच्या ४१ व्या अध्यायांत पाहा, किम्हामाचें नांव होतें.