ऊर्जादाता आणि भाडेकरार

सौरऊर्जा स्वभावतःच विकेंद्रित असते आणि म्हणून ती लोकशाहीला पोषक ठरते, हे विधान सरकारी जाहिरातींपासून पर्यावरणवाद्यांच्या व्यासपीठांपर्यंत इतक्या एकमुखाने केले जाते, की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन पक्षांचे मतैक्यच संशयास्पद वाटावे. सूर्य सर्वांचा, म्हणून त्याची वीजही सर्वांची, असा हा युक्तिवाद आहे. पाऊसही सर्वांचाच असतो, पण धरणाचे पाणी कोणाच्या उसाला जाते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

या भाबडेपणाची चिकित्सा लँग्डन विनर या अमेरिकी राज्यचिंतकाने १९८० सालीच करून ठेवली आहे. काही तंत्रे विशिष्ट सत्तारचनेवाचून चालूच शकत नाहीत, उदाहरणार्थ अणुबॉम्ब, ज्याच्याभोवती आज्ञेची कडक उतरंड उभी करावीच लागते. तर काही तंत्रे एखाद्या सत्तारचनेशी केवळ जुळणारी असतात, तिची सक्ती करत नाहीत. सौरऊर्जा विनर यांच्या मते या दुसऱ्या वर्गातली आहे, म्हणजे ती समतेशी जुळू शकते, समता घडवून आणत नाही. हा भेद बारीक वाटला तरी धोरणाचा सारा प्रश्न त्यातच दडलेला आहे, कारण राजस्थानात भडला येथे २,२४५ मेगावॅटचे अवाढव्य उद्यान उभारणारे पॅनेल आणि एखाद्या पाड्यावर वीस घरे उजळणारे पॅनेल यांत तंत्राचा फरक नसतो. फरक असतो तो करारांचा.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा करार वाचला, तर ‘अन्नदाता आता ऊर्जादाता’ या घोषणेचा अर्थ उलगडतो. कृषी वाहिनी म्हणजे केवळ शेतीपंपांना वीज पुरवणारी वेगळी तारमार्गिका. तिच्या उपकेंद्राजवळ खासगी विकासक प्रकल्प उभारतो, महावितरण त्याची वीज विकत घेते आणि जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला २०२३ पासूनच्या सुधारित योजनेनुसार हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते, जे दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढते. रात्रीबेरात्री बिबट्याच्या भीतीने पाणी देणाऱ्याला दिवसा वीज मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची टिंगल शहरात बसून करू नये. परंतु भाडे घेणारा ऊर्जादाता होत नाही, तो छोटा जमीनदार होतो. आणि ज्याच्याकडे भाड्याने द्यायला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला हे बिरुदही येत नाही. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता माणशी ठरवून भूमिहीनालाही वाटा दिला होता. सौर धोरणाने ही देशी परंपरा उचलली नाही, भाडेकरार मात्र उचलला.

मग मालकी गावाकडेच द्यावी, हा निष्कर्ष येथे फार सहज हाती लागतो, आणि तेवढ्यासाठीच तो तपासला पाहिजे. याच महाराष्ट्रात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ग्राहक-सभासदांच्या मालकीची होती. थकबाकीचे ओझे वाढत गेले आणि २०११ साली तिचे वितरण महावितरणकडे गेले. तिच्याच पिढीतल्या तेलंगणातील सिरसिल्ला आणि सीमेपलीकडच्या हुक्केरी येथील संस्था मात्र टिकल्या. म्हणजे सहकार हा मंत्र नव्हे, तसा शापही नव्हे. बिहारमधील धरनईचा धडा याहून बोचरा आहे. २०१४ साली एका पर्यावरणवादी संघटनेने तेथे १०० किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरते स्वतंत्र वीजजाळे, उभारले. गावकऱ्यांनी मात्र ‘खरी वीज’ मागितली. यथावकाश सरकारी तारा आल्या आणि स्वस्त अनुदानित विजेपुढे ते जाळे मोडीत निघाले. या गावकऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण महागडी व मर्यादित वीज गरिबांनी पर्यावरणाच्या प्रेमाखातर घ्यावी, ही अपेक्षाच मुळात मध्यमवर्गीय होती.

त्यामुळे मालकीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न संगमाचा आहे: सरकारी तार गावात पोहोचते त्या दिवशी गावच्या जाळ्याचे काय होते? २००३ च्या वीज कायद्याने राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात परवान्याशिवाय वीजनिर्मिती व वितरण करण्याची मुभा दिली, पण या दिवसाचा बंदोबस्त केला नाही. तो उत्तर प्रदेशाच्या २०१६ च्या धोरणाने करू पाहिला, कारण तार आल्यावर प्रकल्पधारकाने आपली वीज वितरण कंपनीला विकावी किंवा प्रकल्पच तिच्याकडे सोपवावा, असे मार्ग त्यात ठेवले होते. महाराष्ट्राने विकासकांशी वीजखरेदीचे दीर्घ करार करताना जी तत्परता दाखवली, तीच गावाच्या सहकारी संस्थेशी करार करताना दाखवली, आणि त्या विजेचा भाव व वाटा भूमिहीनासह प्रत्येक घराच्या नावावर लिहिला, तरच विनर यांनी सांगितलेली जुळणी प्रत्यक्षात येण्याची शक्यता निर्माण होते. अन्यथा उपकेंद्राजवळच्या कुंपणाआड पॅनेल चमकत राहील आणि गावाच्या हाती येईल ते ग्रामपंचायतीला तीन वर्षे मिळणारे वार्षिक पाच लाखांचे अनुदान.