मापात पाप

गेल्या वर्षी मी एक ट्रायकॉर्डर बनवला. 'स्टार ट्रेक' न पाहिलेल्यांसाठी सांगतो: १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेत अंतराळयानावरचे लोक खांद्याला एक काळी पेटी अडकवून फिरायचे. यानावरचे डॉक्टर मॅकॉय त्या पेटीतून एक छोटी नळकांडी काढायचे, रुग्णाच्या अंगावरून फिरवायचे आणि काय झालंय ते सांगून टाकायचे. सुई नाही, रक्त नाही, रिपोर्टसाठी संध्याकाळी परत येणं नाही. ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर लागायची. बाबांनी ती तिथे पाहिली, मी होस्टेलवर लॅपटॉपवर. आम्हा दोघांना सारख्या आवडणाऱ्या मोजक्या गोष्टींतली ही एक. म्हणून त्यांच्या साठीला ट्रायकॉर्डर द्यायचा, आणि तोही नुसता शोभेचा नाही, चालणारा, असं मी ठरवलं.

पुण्यात बुधवार पेठेतून सुटे भाग आणले. ईएसपी-३२ बोर्ड, बोटावरून नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा मॅक्स-३०१०२ सेन्सर, न टेकता तापमान घेणारा इन्फ्रारेड सेन्सर, छोटा ओएलईडी डिस्प्ले, बॅटरी. पेटी थ्रीडी प्रिंट करून घेतली, पॉलिश पेपरने घासली, काळा रंग दिला. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार यात गेले. ऑफिसातल्या कुठल्याही कामात इतका जीव ओतला नव्हता.

बनवताना मूळ प्रॉपबद्दल बरंच वाचलं. पहिला ट्रायकॉर्डर वाह चँग या कलाकाराने घडवला. मॅकॉय यांची काही उपकरणं तर चक्क मीठदाण्या होत्या. 'द मॅन ट्रॅप' या भागात मीठ शोषून घेणारा प्राणी आहे. त्यासाठी भविष्यातल्या वाटतील अशा मीठदाण्या विकत आणल्या, पण त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना ओळखूच येणार नाही असं वाटल्यामुळे साध्याच वापरल्या. उरलेल्या त्या सुंदर मीठदाण्या डॉक्टरांची हत्यारं झाल्या. पडद्यावर त्यांनी कित्येकांना बरं केलं.

तेव्हा मी यावर हसलो. नंतर लक्षात आलं की 'चालणारी प्रतिकृती' हे शब्दच विचित्र आहेत. प्रतिकृती कशाची? मूळ वस्तू तर कधी चाललीच नव्हती. मीठदाणी अचूक होती, कारण रुग्णाला काय झालंय ते लेखकाने आधीच ठरवलं होतं. ट्रायकॉर्डर चुकत नव्हता, कारण त्याला काही मोजायचंच नव्हतं. मी जे बनवत होतो ती यंत्राची नक्कल नव्हती. त्याच्यावर सगळे ठेवत होते त्या विश्वासाची नक्कल होती.

खऱ्या ट्रायकॉर्डरचा प्रयत्न लोकांनी केलेला आहे. २०१२ साली त्यासाठी एकूण एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर झाली. २०१७ साली पहिला क्रमांक एका इमर्जन्सी डॉक्टरच्या आणि त्याच्या भावंडांच्या संघाला मिळाला, पण सगळ्या अटी कुणालाच पूर्ण करता आल्या नाहीत, त्यामुळे ठरलेलं पूर्ण बक्षीस कुणालाच दिलं गेलं नाही. माझी उडी अर्थातच तेवढी नव्हती. नाडी, ऑक्सिजन, तापमान, बस.

ऑक्सिजन मोजण्याची युक्ती मोठी देखणी आहे. १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी तिचा पाया घातला. बोटात लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडायचे. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ठोक्यागणिक जेवढा बदल होतो तेवढाच धरला की हाडं, मांस, कातडी बाजूला पडतात आणि धमनीतलं रक्त उरतं. दोन्ही प्रकाशांच्या बदलांचं गुणोत्तर काढायचं. त्यावरून टक्केवारी कशी काढायची हे मात्र नुसत्या गणिताने ठरत नाही. कंपन्या धडधाकट माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासतात आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवतात. मी तसलं काही केलं नाही. हौशी लोकांत फिरणारं एक सूत्र उचललं: ११० वजा २५ गुणिले ते गुणोत्तर. माझ्या बोटावर ९८ आलं, मी खूश.

या सेन्सरसाठी एक तयार कोड मिळतो. त्यात एक सोय आहे. बोट हललं, गार पडलं, सिग्नल धड मिळाला नाही तर तो उत्तर देतो, उणे ९९९. कुणाच्याही रक्तात उणे नऊशे नव्व्याण्णव टक्के ऑक्सिजन असू शकत नाही. म्हणजे तो म्हणतोय, मला माहीत नाही.

डिस्प्लेवर हे फार वाईट दिसायचं. ९७, ९८, उणे ९९९, ९७. ट्रायकॉर्डर असा अडखळत नाही. मॅकॉय कधी म्हणाले नाहीत, "थांबा हां, बोट जरा नीट ठेवा." म्हणून मी कोडमध्ये एक अट घातली. नवं उत्तर ग्राह्य नसेल तर शेवटचं ग्राह्य उत्तर दाखवत राहायचं. दोन ओळींचं काम. आकडा कसा स्थिर, रुबाबदार दिसायला लागला.

बाबांना पेटी फार आवडली, पण चार दिवसांत तिचा ताबा आजीने घेतला. आमचं घर साताऱ्याला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिजनचा आकडा विचारला जायचा, तेव्हापासून आजीला त्या आकड्याचा लळा आहे. रोज सकाळी चहाआधी बोट ठेवायची आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायची, सत्त्याण्णव. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही बोट ठेवायला लावायची. "आमच्या नातवानं केलंय, पुण्याला इंजिनिअर आहे." मी सगळ्यांना सांगायचो की हे खेळणं आहे. हसत हसत सांगायचो.

जुलैतल्या एका रविवारी मी घरी होतो. बाहेर पाऊस. वरच्या मजल्यावरचे काका दोन दिवस तापाने आजारी होते, खोकत होते. ते छत्री झटकत खाली आले, आजीने पेटी पुढे केली. आतून मला ऐकू आलं, "सत्त्याण्णव! काही झालेलं नाही तुम्हाला. काढा घ्या आणि झोपा." काका म्हणाले, "चला, छाती ठीक आहे म्हणजे. उद्या जाणार होतो दवाखान्यात, वाचली खेप." आणि गेले.

अर्ध्या तासाने आजी चहा घेऊन आली. "बघ गंमत, त्यांना अगदी माझ्याएवढंच आलं. सत्त्याण्णव आणि नाडी बहात्तर."

अंगात ताप असलेल्या, जिना उतरून आलेल्या माणसाची नाडी बहात्तर?

मी पेटी घेतली. सेन्सरवर बोटाऐवजी पेनाचं टोपण ठेवलं. ९७. ७२. कोरोनाच्या काळात पेनाला ऑक्सिजन दाखवणाऱ्या स्वस्त ऑक्सिमीटरचे व्हिडिओ फिरायचे. मी ते मित्रांना पाठवून हसलो होतो.

काकांची बोटं पावसाने आणि तापाच्या हुडहुडीने गार पडलेली असणार. सेन्सरने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी ते दाबून आजीचा सकाळचा आकडा काकांच्या नावावर दाखवला होता.

मी वर गेलो. काका झोपले होते. उठवून सांगितलं की तो आकडा तुमचा नव्हता. बाबांनी गाडी काढली. हॉस्पिटलमधल्या ऑक्सिमीटरवर ९१ आलं. न्यूमोनिया निघाला, चार दिवस ॲडमिट राहावं लागलं. ते बरे झाले. मी ओशाळून भेटायला गेलो तर म्हणाले, "अरे, तू कशाला मनाला लावून घेतोस? खेळणंच ना ते!"

मला सुटका हवी असती तर ती इथे होती. पण खेळण्याने सांगितलं म्हणून काका झोपायला गेले होते. शब्दांत मी 'खेळणं' म्हणत होतो आणि डिस्प्लेवर 'सत्त्याण्णव' म्हणत होतो. लोक कशावर विश्वास ठेवतील हे मला माहीत होतं. खरं तर तसा विश्वास बसावा म्हणूनच तीन महिने मी ती पेटी घासत होतो.

मी खोटं बोललो का, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. मित्र म्हणाला, खोटं बोलायला हेतू लागतो, तुझा हेतू बाबांना खूश करण्याचा होता, हा फक्त बग आहे. पण बग म्हणजे जे करायचं नव्हतं ते होणं. माझा कोड तर मी सांगितलं तेच करत होता.

उत्तराच्या जरा जवळ गेलो ते आजोबांच्या दुकानामुळे. त्यांचं किराणा दुकान होतं. लोखंडी वजनांच्या बुडाला शिशाचा ठिपका असतो, त्यावर सरकारी शिक्का मारलेला असतो. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की तुम्ही प्रामाणिक आहात तर शिक्का कशाला? ते म्हणाले होते की वजन झिजतं, मला कळतही नाही.

आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. मी नेहमी त्याचा अर्थ काटा मारणारा लबाड दुकानदार असा घ्यायचो. पण झिजलेलं वजन वापरणारा दुकानदार मनाने स्वच्छ असला तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत साखर कमीच पडते. तिथे पाप हेतूत नाही, न तपासण्यात आहे. आणि ते दुकानदाराकडेच येतं, कारण गिऱ्हाईक वजन तपासू शकत नाही, तो शकतो. समोरच्याला जे तपासता येत नाही त्याची जबाबदारी ज्याला तपासता येतं त्याची. काकांना माझा कोड वाचता येत नव्हता. 'खेळणं आहे' या माझ्या सूचनेने ती जबाबदारी त्यांच्याकडे सरकत नव्हती, मला फक्त तसं वाटत होतं.

याला एक चांगला आक्षेप आहे. कुठलंच माप परिपूर्ण नसतं. दवाखान्यातले ऑक्सिमीटरही चुकतात. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही ऑक्सिमीटरने ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. म्हणून ते फेकून द्यायचे का? नाही, त्यांनी असंख्य जीव वाचवलेत. प्रत्येक शंका दाखवणारं यंत्र कुणी वापरणारही नाही. हे सगळं मला पटतं. पण त्या यंत्रांची चूक कुणीतरी मोजली, छापली, आणि डॉक्टर आता ती धरून चालू शकतात. माझ्या यंत्राला आपल्याला कळत नाही हे कळत होतं, आणि मी ते लपवलं. न कळणं आणि लपवणं यांत अंतर आहे.

हे एका पेटीपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. सर्व्हरकडून माहिती आली नाही तर जुनी दाखवा, रिकामी जागा दिसू देऊ नका, युजरला अडखळल्यासारखं वाटता कामा नये. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तुमच्या फोनवर हे वाचताना दिसणारा एखादा आकडाही कदाचित असाच कालचा असेल. आता मी कोड लिहिताना निदान एवढं विचारतो, की हा आकडा पाहून कुणी झोपायला जाईल का?

गणेशोत्सवाला घरी गेलो तेव्हा त्या दोन ओळी काढून टाकल्या. आता सिग्नल नसला की डिस्प्लेवर दोन रेघा येतात, आणि प्रत्येक नव्या बोटाला जुना आकडा पुसला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने बोट ठेवलं. रेघा. हात चोळून पुन्हा ठेवलं. रेघा.

"बिघडवलंस का रे?"

"नाही आजी, आता नीट चालतंय. आधी कळलं नाही तरी जुनंच दाखवायचं."

ती जरा वेळ पेटीकडे बघत राहिली.

"मग मला रोज सत्त्याण्णव यायचं, ते?"