शरणपुराचा खर्च कोणीं सोसावा?

नवऱ्याच्या मारहाणीमुळें घर सोडावें लागलेल्या स्त्रियांसाठीं सरकारी पैशानें आश्रयगृहें चालवावीं, हें योग्य आहे काय? कित्येक बंधु म्हणतात, "दया करणें हें मंडळीचें काम, ती कराच्या पैशानें होत नाहीं." ह्या बोलण्यांत भक्ति आहे, पण चूकही आहे, असें आम्हांस वाटतें.

गणना, अध्याय ३५ पाहावा. लेव्यांस दिलेल्या ४८ नगरांत ६ शरणपुरें होतीं. तीं कोणा एका धनवानाच्या मर्जीवर ठेविलीं नव्हतीं. ज्या वंशाचें वतन मोठें त्यानें अधिक नगरें द्यावीं, ज्याचें लहान त्यानें थोडीं, असा नियम होता. कर म्हणजे तरी दुसरें काय? शिवाय तो आश्रय, ज्याच्या हातून अजाणतां मनुष्यवध झाला त्याच्यासाठीं होता. मग जी निरपराधी आहे तिच्यासाठीं किती विशेष तजवीज असावी!

पंडिता रमाबाईंनीं सन १८८९ त मुंबईंत शारदा सदन उघडिलें, तें अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें वर्गणी देण्याचें वचन दिलें म्हणून. त्या दानाबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. तथापि दानास मुदत असते. न्यायास मुदत नसावी. सन २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविषयींच्या कायद्याप्रमाणें पीडित स्त्रीनें मागितल्यास आश्रयगृहाच्या चालकानें तिला आंत घेतलेंच पाहिजे. सन २०१५ पासून जिल्ह्यांत सखी केंद्रेंही निघालीं. तेथें थोडे दिवस राहतां येतें. तेथें जाणारी बहीण भिक्षा मागत नाहीं, आपला हक्क मागते.

तर मंडळीचें काम संपलें काय? नाहीं. शरणपुरास जाणारी वाट नीट ठेवावी, अशीही देवाची आज्ञा होती (अनुवाद १९:३). घर सरकार बांधील. पण मध्यरात्रीं खेड्यांतून तेथवर वाट कोण दाखवील? उपदेशक बंधूंनो, ती प्रथम तुमच्याच दारीं येईल. तिला "वधस्तंभ समजून सोस" असें सांगूं नका. वधस्तंभ आपण होऊन उचलावयाचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावयाचा नसतो. सासऱ्यानें भाला फेंकिला तेव्हां दावीद निसटून गेला. त्याला कोणी अविश्वासी म्हणत नाहीं.

म्हणून कर कुरकुर न करितां द्यावा, १८१ हा महिलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक मंदिराच्या दाराशीं लिहून ठेवावा, आणि ती आली म्हणजे कडी काढण्यास उशीर लावूं नये.