तारेचा खर्च, अंधाराचा हिशेब

वीज दरवाढीची बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. ग्राहक म्हणतो, ‘दर वाढवता आणि लाईट तर जातेच.’ वीज कंपनी म्हणते, ‘चांगला पुरवठा हवा तर गुंतवणूक हवी, आणि गुंतवणूक हवी तर पैसा ग्राहकाकडूनच येणार.’ दोन्ही खरी आहेत, म्हणून वाद जागचा हलत नाही. किती खात्रीची वीज, किती खर्चात आणि कोणाच्या खिशातून, हा यामागचा प्रश्न महाराष्ट्राने गेल्या शंभर वर्षांत अनेकदा सोडवायला घेतला. उत्तर दर वेळी बदलत गेले आणि प्रत्येक उत्तराचा काही ना काही अंश आजच्या बिलात शिल्लक आहे.

आरंभी हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली तेव्हा ग्राहक म्हणजे प्रामुख्याने कापडगिरण्या. मोठे, मोजके आणि वेळेवर पैसे भरणारे. गिरणी थांबली तर किती नुकसान होते हे मालकाला माहीत होते आणि त्या हिशेबाने तो वीज विकत घेत होता. खात्रीची किंमत आणि खात्रीचा लाभ एकाच माणसाच्या वहीत मांडला जात होता. पुढे इतका सरळ व्यवहार पुन्हा कधी झाला नाही.

१९६० मध्ये राज्य वीज मंडळ आले आणि ध्येय बदलले. आता वीज गावोगावी न्यायची होती. १९४८ च्या कायद्यात खासगी परवानाधारकाला भांडवलावर ‘वाजवी परतावा’ मिळण्याची तरतूद होती. मंडळांसाठी १९८३ च्या दुरुस्तीने स्थिर मालमत्तेवर किमान ३ टक्के शिल्लक ठरवून दिली. जितकी मालमत्ता मोठी तितका परतावा मोठा, अशी ही रचना. हार्वे एव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की अशा रचनेत कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याचा मोह होतो. मंडळाच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी घडली. दर राजकारणाने बांधलेले, हातात पैसा थोडा आणि ‘गाव विद्युतीकृत झाले’ हा आकडा दाखवण्याची घाई. त्यामुळे भांडवल गेले ते तारेच्या लांबीत. खांब पोचला, दाब पोचला नाही. आजही वाहिनीच्या शेपटाकडच्या गावात संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, त्याची मुळे त्या काळात आहेत.

२००० च्या आसपास राज्य वीज नियामक आयोग कामाला लागला. जनसुनावण्या सुरू झाल्या. वर्षानुवर्षे शेतीपंपांच्या खात्यावर टाकलेली वीज प्रत्यक्षात तेवढी वापरली जात नव्हती, बरीचशी गळत होती, चोरीला जात होती, हे त्या सुनावण्यांतून उघड झाले. गळतीचा खरा आकडा तीस टक्क्यांच्या वर निघाला. गुंतवणुकीच्या बाजूनेही एक नवी शिस्त आली. दहा कोटींवरच्या प्रत्येक योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल आयोगापुढे ठेवायचा, मंजुरी घ्यायची आणि मगच तो खर्च दरात धरायचा. खर्च केला म्हणून तो ग्राहकावर चढवायचा, ही जुनी चाल इथे पहिल्यांदा अडली. या पायरीचे मोल मोठे आहे. ती अपुरी का पडली, तिकडे पुढे येतो.

पाठोपाठ तुटवड्याची वर्षे आली. दाभोळचा वीजप्रकल्प बंद, नवी केंद्रे नाहीत, खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन. या काळात ‘खात्रीची वीज’ या कल्पनेचा अर्थच पालटला. २००६ मध्ये पुण्यात एक प्रयोग झाला. कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती. त्यांनी ती चालवायची, तेवढी वीज शहराला मोकळी करायची आणि त्या महाग इंधनाचा भार शहरातल्या ग्राहकांनी ‘विश्वसनीयता आकार’ म्हणून उचलायचा, कमी वापराच्या घरांना सूट देऊन. पुणे भारनियमनमुक्त झाले. योजना हुशारीची होती आणि ती उघड चर्चेतून, आयोगाच्या आदेशाने आली, हे मला महत्त्वाचे वाटते. पण एक गोष्टही तिने रूढ केली: अखंड वीज हा वेगळे पैसे मोजून घेण्याचा माल आहे. ज्या गावाला तो आकार परवडत नव्हता, त्याच्यापुढे पर्याय कोणता होता?

त्यानंतरचे पाऊल मला अधिक खटकते. फीडरवरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वाहिनीवरची, वितरण व वसुलीची हानी पाहून गट पाडले गेले, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत. हानी कमी तर भारनियमन कमी. २०१२ मध्ये वरच्या गटांतले भारनियमन थांबले आणि खालच्या गटांतले चालू राहिले. वसुलीला यामुळे जोर आला, हे नाकारता येत नाही. पण फीडर म्हणजे काही कुटुंब नव्हे. त्यावर दर महिन्याला बिल भरणारी शिक्षिका असते आणि आकडा टाकणारा गिरणीवालाही असतो. अंधार दोघांना सारखाच. शिवाय हानीतला काही वाटा चोरीचा नसून जुन्या, बारीक, लांबलेल्या तारेचा असतो. तार बदलली नाही म्हणून हानी जास्त, हानी जास्त म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून वसुली नाही, आणि वसुली नाही म्हणून तार बदलायला पैसा नाही. गुंतवणूक न झाल्याचा दंड ज्यांनी ती थांबवली नव्हती त्यांच्याकडून वसूल होत होता.

तारेवरच्या पैशाचा प्रश्न प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहायचे तर रब्बीच्या दिवसांत जळलेल्या डीपीपाशी उभे राहावे. शंभर केव्हीएचे रोहित्र, त्यावर क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मोटारी. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ सगळ्यांची एकच. दाब खाली जातो. कमी दाबावर मोटर जास्त प्रवाह ओढते. त्याने दाब आणखी पडतो. बहुतेकांच्या स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला, म्हणजे रात्री थ्री-फेज आली की साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. तेल तापते, वेटोळे जळते. मग वर्गणी गोळा करायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डीपी टाकायची आणि दुरुस्त रोहित्र मिळेपर्यंत उभ्या पिकाकडे पाहत बसायचे.

याला उपाय अनेक आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रत्येक मोटरीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला तर प्रवाह घटतो, दाब सुधारतो. त्याला काही शे रुपये लागतात, पण तो शेतकऱ्याने लावायचा आणि टिकवायचा. ‘ऑटो’ काढले तर खर्च शून्य, पण मग रात्री विहिरीवर जायला माणूस हवा. दुसऱ्या टोकाला उच्चदाब वितरण प्रणाली: एक-दोन पंपांना एक छोटे रोहित्र. २०१८ मध्ये हाती घेतलेल्या या योजनेचा मूळ अंदाज ५००० कोटींच्या वर होता आणि तीत सव्वादोन लाखांच्या आसपास पंप बसणार होते. म्हणजे एका पंपामागे दोन लाखांहून जास्त. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तमच. तरी ज्या पंपाचे बिल वर्षानुवर्षे थकलेले, त्यामागे दोन लाख घालताना तो परतावा अखेर कोणाच्या दरातून येणार, हे मोठ्या आवाजात विचारले गेले नाही. त्या मानाने २०१७ ला सुरू झालेली सौर कृषी वाहिनी मला शहाणपणाची वाटते. उपकेंद्राजवळच वीज तयार होते, लांबच्या तारेवरचा ताण टळतो आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. रात्री साप-विंचवाच्या भीतीने बांधावर उभे राहावे लागू नये, हीसुद्धा खात्रीची वीजच.

शहराकडे वळलो की चित्र वेगळे दिसते. मुंबईने १९८१ पासून स्वतःला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून घेण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था बाळगली होती. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि ती व्यवस्था शहराला वाचवू शकली नाही. लोकल थांबल्या, सुमारे २२०० मेगावॅटचा भार गेला. त्यानंतर दशकाहून अधिक काळ रखडलेली खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूस ते आरे ही १००० मेगावॅटची डीसी वाहिनी अंदाजे ७००० कोटींची. स्पर्धात्मक निविदेविना ती द्यावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाचा निर्णय कायम राहिला. मुंबईला या वाहिन्यांची गरज होती, याबद्दल मला शंका नाही. एक यंत्रणा बंद पडली तरी दुसरीने भार उचलावा, हा नियम या शहरात मोडून चालत नाही.

पण राज्यांतर्गत पारेषणाचा खर्च एकत्र केला जातो आणि वितरण कंपन्यांत त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. त्यातला सर्वात मोठा वाटा राज्याच्या बहुतेक भागाला वीज देणाऱ्या महावितरणचा. म्हणजे मुंबईच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाटेचा काही भार वाशिमच्या घरगुती बिलातही येतो. विदर्भातल्या वाहिन्यांचा भार मुंबईही उचलते, म्हणून या पद्धतीला मी अन्यायी म्हणणार नाही. मात्र वाशिमलाही दुसरी वाट मिळायला हवी होती का, हे विचारण्याचा हक्क त्या वाटणीतूनच येतो.

सध्याचे मोजमाप हा प्रश्न झाकून ठेवते. आयोगाच्या २००५ च्या कृती-मानकांनी जळलेले रोहित्र बदलायला शहरात २४ तास दिले, खेड्यात ४८. अंतर, रस्ते, माणसे पाहता हा फरक समजण्यासारखा आहे. पण अंधार दुप्पट लांब असू शकतो, हे नियमांनीच मान्य केले. वीज किती वेळा आणि किती मिनिटे गेली याची सरासरी जाहीर होते, तीत शहराची मिनिटे गावाच्या तासांवर पांघरूण घालतात. पडलेला दाब तर या सरासरीत येतच नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने काही वर्षांपूर्वी घरातल्या सॉकेटला लावायची छोटी यंत्रे देशभर बसवली. ती दर मिनिटाला दाब नोंदवत आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवत. किती वाजता वीज गेली, किती वाजता १७० व्होल्टवर रेंगाळली, सगळे समोर. ७००० कोटींच्या वाहिनीपुढे अशा मोजणीचा खर्च नगण्य आहे, आणि पुढच्या १०० कोटींची तार कुठे टाकावी हे मात्र तीच सांगू शकते.

इथे दहा कोटींच्या त्या मंजुरीकडे परत यावे लागते. दरवाढीच्या सुनावणीला माणसे येतात, निवेदने देतात, संतापतात. पण त्या दिवशी दरात धरलेला बराचसा भांडवली खर्च आधीच्या वर्षांत, प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर ठरून गेलेला असतो. वितरणाच्या योजनांना त्या टप्प्यावर जनसुनावणी नसते. तार टाकली गेली, रोहित्र बसले, कर्ज उचलले, आता त्याचे व्याज, घसारा आणि परतावा नाकारायचा तरी कसा? भांडण योग्य आहे, पण ते उशिरा होते.

म्हणून मागणी साधी आहे. मोठ्या योजनेच्या अहवालासोबत ती ज्या फीडरांवर खर्च होणार त्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या खंडांची आणि दाबाची नोंद मराठीत जाहीर व्हावी. तेच काम कमी खर्चात करणारे पर्याय, कपॅसिटरपासून सौर वाहिनीपर्यंत, किमतीसह शेजारी मांडले जावेत. प्रति युनिट किती पैसे वाढतील आणि किती तासांचा अंधार कमी होईल, हे दोन आकडे पहिल्या पानावर असावेत. सुनावणी तेव्हा व्हावी, जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. आणि दोन वर्षांनी त्याच फीडरची नोंद पुन्हा उघडून पाहावी. कबूल केलेले तास वाचले नसतील, तर त्या योजनेवरचा परतावा आयोगाने तेवढा कापावा.