छंदांचे कपाट

आमच्या घरी एक कपाट आहे. त्यात काय नाही! तबला लावायची हातोडी आहे, दुर्बिणीसाठी घासायला घेतलेली आणि अर्ध्यावर टाकून दिलेली सहा इंची काच आहे, मोडीच्या वह्या आहेत, तिकिटांचे तीन आल्बम आहेत. “यांच्या कपाटात जगातल्या सगळ्या विद्यांचे पहिले धडे आहेत,” असे आमची मंडळी आल्यागेल्याला सांगत असते. ते कौतुकच आहे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

शिक्षणाने मी यंत्रांचा इंजिनियर. १९७४ साली एका कारखान्यात चिकटलो. १९८३ साली तेथे संगणक आला तेव्हा, मला दोन बोटांनी का होईना पण टंकलेखन येते एवढ्या भांडवलावर, मी संगणक विभागाचा व्यवस्थापक झालो. पुढची सारी नोकरी त्या गार खोलीत गेली. कामाचा ताण होता, पण संध्याकाळी सहाला तो मी खुंटीला टांगून क्लासला पळत असे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण कोणी ऐकवलीच, तर माझ्यापाशी वकिली तयार असे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पण त्यांनी जुनी नाणी तोलून इतिहास काढला आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. त्यांना कोणी चिंध्या म्हणते काय? आणि अलीकडचे म्हणाल, तर अच्युत गोडबोले. १९७२ साली मुंबईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनियर झाले, पुढे मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवल्या, आणि ‘नादवेध’ संगीतावर, ‘अर्थात’ अर्थशास्त्रावर, ‘मनात’ मानसशास्त्रावर, अशी ग्रंथांची रांगच लावली. इंजिनियर, मग संगणक, मग नाना छंद! त्यांची पुस्तके वाचताना मला उगाचच भाऊबंदांच्या घरी गेल्यासारखे वाटे.

मात्र त्यांच्या ‘मुसाफिर’ या आत्मकथनातला एक भाग मी बरीच वर्षे भराभर उलटून पुढे जात असे. ऐन तारुण्यात हा मनुष्य तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याला भिल्लांच्या चळवळीत गेला आणि तुरुंगातही राहून आला. तो भाग मला का नकोसा वाटे, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

संगणक आला तेव्हा आमच्या हिशेब खात्यात चौदा कारकून होते. दीड वर्षाने तीन उरले. यात गुन्हा कोणाचा, असे विचाराल तर एकट्याचा कोणाचाच नव्हे. ते काम यंत्राने होणारच होते. मी केले नसते तर दुसऱ्याने केले असते. हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि त्या अकरांपैकी एक गृहस्थ, माझ्याहून वयाने वडील, एका संध्याकाळी माझ्या खोलीत आले. “साहेब, हे यंत्र मला शिकता येईल का हो?” एवढेच त्यांनी विचारले. सहाला दहा कमी होते. तबल्याच्या क्लासची वेळ. “उद्या बोलू,” मी म्हणालो. उद्या ते आले नाहीत, आणि मीही बोलावणे धाडले नाही. त्या रात्री मी झपतालाचा नवा कायदा उत्तम वाजवला, हे मला स्पष्ट आठवते.

गेल्या भाद्रपदात चार दिवस डिंभ्याला जाऊन राहिलो होतो. घोड नदीवरचे हे धरण. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते जुने आंबेगाव मात्र या पाण्याखाली आहे, आणि कचेऱ्या आहेत घोडेगावात. इंजिनियरच्या डोळ्यांनी भिंत पाहिली की छाती भरून येते. खाली कुठल्या कुठे कालवे जातात, कोरड्या मुलखात ऊस उभा राहतो. वरच्या अंगाला पाहिले की जरा गप्प बसावे लागते.

काठावर एक महादेव कोळी म्हातारे जाळे नीट करीत बसले होते. मी त्यांच्याजवळ टेकलो. ते भात लावतात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेरात काहीबाही पिकवतात, आणि मासे धरतात. म्हणजे विद्या चार. मला आनंद झाला. आमच्याच जातीचे निघाले म्हणायचे!

“मामा, मासेमारीची आवड लहानपणापासूनची का?” मी विचारले.

“आवड कसली?” ते हसले. “पयल्यानं आमी नदीत खेकडी धरायचो, तेवडंच. रान पान्यात गेलं, मंग जाळं शिकलो. संस्थेची मान्सं आली, सोसायटी झाली, त्यांनी होडी-जाळ्याचं बघितलं.”

त्यात कुरकुर नव्हती, अभिमानही नव्हता. त्यांच्यापाशी माझ्याइतक्याच विद्या होत्या, पण एकही कपाटात ठेवण्यासारखी नव्हती. मनुष्याने अनेक गोष्टी शिकाव्यात की एकच, यावर मी आयुष्यभर वाद घातला. शिकायची सवड कोणाला मिळते आणि ती कोणाच्या खर्चाने मिळते, हा प्रश्न त्या वादात मी कधी येऊच दिला नव्हता. छंद वाईट, असे मला अजूनही म्हणवत नाही. तबल्याने मला पुष्कळ दिले आहे. पण त्या संध्याकाळी मी क्लासला गेलो तो तालाच्या ओढीने की त्या गृहस्थांच्या डोळ्यांपासून सुटका म्हणून, हे मलाच नक्की सांगता येत नाही.

“तुमी काय करीत व्हता, साहेब?” म्हाताऱ्यांनी विचारले.

मी सांगितले. का कोण जाणे, चौदांचे तीन झाले तेही सांगितले. ते जाळ्याची गाठ मारता मारता ऐकत होते.

“मंग त्या बाकीच्यांना काय शिकिवलं?”

मी पाण्याकडे पाहत राहिलो. त्यांनी दोऱ्याचे टोक माझ्यापुढे केले, “जरा धरा हितं,” म्हणाले, आणि पुढची गाठ घेतली.