पडद्यापुढचे अश्रू

शास्त्रपाठ : लूक १० : २५ ते ३७

गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या घरी मुले, सुना, नातवंडे असे सारे जमले होते. रात्रीची जेवणे व कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर तरुणांच्या आग्रहावरून 'बॅण्ड ऑफ ब्रदर्स' ही अमेरिकन युद्धमालिका टी.व्ही.वर पाहण्याचे ठरले. रोज दोन भाग याप्रमाणे पाच रात्रींत दहाही भाग पाहून झाले. त्या पाच रात्रींत आम्ही किती वेळा डोळे पुसले त्याचा हिशेब नाही.

तिसऱ्या रात्री आमच्या शेजारचे, मंडळीतील एक वृद्ध बंधू सहज भेटीस आले. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९७१ च्या युद्धात ते होते एवढेच आम्हांस ठाऊक. लहानथोर सगळे त्यांना हवालदारकाका म्हणतात. आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. पडद्यावर त्या वेळी बर्फाने भरलेल्या जंगलात तोफगोळे पडत होते. झाडांचे शेंडे फुटत होते व खाली खंदकांत माणसे डोके धरून पडली होती. काकांनी कपबशी खाली ठेवली व ते उठले. ''बसा की काका, आत्ता तर खरा रंग भरलाय,'' असे आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले. काका काही न बोलता चपला घालून निघून गेले. चहा अर्धा तसाच राहिला.

'कोणीतरी म्हणाले' असे वर लिहिले आहे, पण ते खरे नाही. ते वाक्य आमच्याच तोंडचे होते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मनास टोचत राहिला, तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. युद्धाचे इतके हुबेहूब चित्र पाहून आमचे हृदय द्रवले, यात संशय नाही. परंतु त्या द्रवण्याला ख्रिस्ती माणसाने काय किंमत द्यावी? ती करुणा होती, की करुणेसारखे दिसणारे दुसरेच काही?

प्रथम त्या मालिकेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती केवळ कल्पित कथा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमधील छत्रीधारी सैनिकांची 'ईझी' नावाने ओळखली जाणारी एक कंपनी होती. जून १९४४ मध्ये ती फ्रान्समध्ये नॉर्मंडीत उतरली, आणि हॉलंड व बेल्जियम करीत जर्मनी-ऑस्ट्रियापर्यंत गेली. स्टीफन अँब्रोज या इतिहासकाराने १९९२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यावरून टॉम हँक्स व स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १० भागांची मालिका निर्माण केली. ती अमेरिकेत प्रथम ९ सप्टेंबर २००१ रोजी दाखविण्यात आली. नटांकडून आधी १० दिवस खरीखुरी लष्करी कवायत करून घेण्यात आली होती. बेल्जियममधील बास्तोन गावाला डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तेथले ते बर्फाळ जंगल चित्रीकरणासाठी इंग्लंडात एका हँगरच्या आत उभारले होते व त्यातला बर्फ कागदाचा होता.

बर्फ कागदाचा आहे हे माहीत असूनही आम्हांस थंडी वाजली. एका भागात वैद्यकीय मदतनीस सैनिक खंदकाखंदकांतून हिंडून एखादी कात्री, एखादे मॉर्फिनचे इंजेक्शन, थोडी पट्टी मागत फिरतो, ते पाहून घशात आवंढा आला. नवव्या भागात, एप्रिल १९४५ मध्ये, हे सैनिक जर्मनीतील लँड्सबर्गजवळच्या एका छळछावणीपाशी येतात. हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ते गावातून आणलेली भाकरी वाटू लागतात. पण वैद्यकीय अधिकारी सांगतो की ती थांबवा, कारण इतक्या उपाशी पोटाला एकदम अन्न मिळाले तर माणूस दगावेल. मग ज्यांना नुकते मुक्त केले त्यांनाच पुन्हा आत ठेवावे लागते. त्या रात्री आमची मोठी नात झोपली नाही. पहाटे ती आजीच्या अंथरुणात येऊन निजली.

अशा चित्रांनी काहीच चांगले होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. युद्ध म्हणजे बँड, झेंडे आणि जयघोष अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना ही चित्रे जागे करतात. आमच्या नातीला त्या रात्री जे कळले ते इतिहासाच्या धड्यातून कळले नव्हते. न रडण्यापेक्षा रडणे बरेच. परंतु आमचा प्रश्न त्यापुढचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात संत ऑगस्टीन तरुणपणी कार्थेज शहरी शिकत असताना त्याला नाटकांचे मोठे वेड होते. पुढे आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागात तो स्वतःलाच विचारतो की, जे दुःख स्वतःला भोगावे लागू नये असे माणसाला वाटते, ते रंगभूमीवर पाहून रडण्यात त्याला गोडी का वाटते? नाटकातील दुःखिताला साहाय्य करण्यास प्रेक्षकाला कोणी बोलावीत नाही. त्याला फक्त दुःखी होण्यास बोलावलेले असते. आणि रडू आले नाही तर तो कंटाळून उठून जातो, आले तर आनंदाने बसून राहतो. सोळाशे वर्षांनंतर आमच्या बैठकीच्या खोलीत अगदी हेच चालले होते. रडू येत होते म्हणूनच आम्ही पाच रात्री बसलो.

त्याच ग्रंथाच्या सहाव्या भागात ऑगस्टीनने आपला मित्र आलिपियस याची हकिकत दिली आहे. रोम शहरात माणसांच्या झुंजी चालत. आलिपियसला त्यांचा तिटकारा होता. सोबत्यांनी एकदा त्याला बळेच ओढून नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. पण लोकांची एकच मोठी आरोळी उठली व त्याने डोळे उघडले. रक्त दिसताच तो पाहतच राहिला, आणि पुढे इतरांनाही घेऊन जाऊ लागला. हाच आलिपियस पुढे देवकृपेने बिशप झाला, हे खरे. पण ही कथा आम्हांस सावध करते. हुबेहूब दाखविलेली हिंसा दोन बाजूंनी आत शिरते. एका बाजूने ती रडविते, दुसऱ्या बाजूने चटक लावते. ज्या रात्री नात झोपली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा नऊ वर्षांचा नातू गच्चीवर काठीची बंदूक करून 'जर्मन' मारीत होता. चित्र एकच, घर एकच, परिणाम मात्र दोन.

आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. हुबेहूब म्हणजे खरे नव्हे. या मालिकेत अल्बर्ट ब्लाइथ नावाचा एक भेदरलेला सैनिक आहे. तो जखमांतून कधी बरा झाला नाही व १९४८ साली मरण पावला, असे त्या भागाच्या शेवटी पडद्यावर लिहून येते. वस्तुतः तो बरा झाला, सैन्यातच राहिला आणि १९६७ साली वारला. एका माणसाची एकोणीस वर्षांची सेवा एका ओळीत पुसली गेली. हे कोणी द्वेषाने केले असे नाही, चूक झाली. पण आम्ही त्या भागाच्या शेवटी त्याच्यासाठी हळहळलो होतो, म्हणजे जे घडलेच नाही त्यासाठी आम्ही रडलो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये या आज्ञेत, शेजाऱ्याविषयी ऐकलेले सारे तपासल्यावाचून खरे मानू नये, हेही येते असे आम्हांस वाटते.

तसेच ऑगस्टा चिवी हिचे. बास्तोनच्या वेढ्यात जखमींची शुश्रूषा करणारी ही परिचारिका आफ्रिकेत जन्मलेली, कृष्णवर्णी. मालिकेत तिच्यासारखी एक परिचारिका क्षणभर दिसते व निघून जाते. खरी ऑगस्टा त्या वेढ्यातून वाचली. युद्धानंतर कितीतरी वर्षे ती त्या दिवसांविषयी फारशी बोललीच नाही. बेल्जियमने तिचा सन्मान केला तो २०११ साली, म्हणजे युद्धानंतर ६६ वर्षांनी. २०१५ साली ती वारली. ज्यांनी खरोखर पाहिले ते पुष्कळदा गप्प असतात, आणि ज्यांनी पडद्यावर पाहिले ते चहा पीत चर्चा करतात!

आता प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळू. हा दाखला आपण शब्बाथशाळेत इतक्या वेळा शिकविला आहे की त्यातील एक गोष्ट सहज निसटते. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाला तिघांनीही पाहिले. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात भेद नव्हता. याजकाच्या व लेव्याच्या मनात काय आले हे प्रभूने सांगितलेले नाही. कदाचित त्यांनाही वाईट वाटले असेल, कदाचित पुढे वाटभर त्यांचे डोळे ओले असतील. शोमरोन्याला कळवळा आला, पण तेथेच तो थांबला नाही. तो जवळ गेला. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, उतारशाळा, दोन दिनार हे सारे त्या जवळ जाण्यातून आले.

टी.व्ही.चा पडदा आम्हांस पाहू देतो, पण जवळ जाऊ देत नाही. यात पडद्याचा दोष नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. दोष आमचा होतो तो एवढ्यासाठी की, पाहून डोळे ओले झाले म्हणजे जवळ गेल्यासारखेच झाले, असे आम्ही समजून बसतो. वास्तविक ते अश्रू म्हणजे उसने घेतलेले पैसे आहेत. पडद्यावरच्या माणसाला ते परत करता येत नाहीत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जाऊन फेडावे लागतात. फेडले नाहीत तर मन हळूहळू दिवाळखोर होते, आणि पुढच्या वेळी तितकेच रडण्यास अधिक रक्त पाहावे लागते.

आमचे कर्ज कोणाच्या दारी होते हे आम्हांस पाचव्या रात्री कळले. या मालिकेत बहुतेक भागांच्या आरंभी काही वृद्ध माणसे बोलताना दिसतात. ते त्या कंपनीतले खरे सैनिक. त्यांची नावे शेवटच्या भागापर्यंत सांगितलेली नाहीत. शेवटी नावे येतात, आणि इतका वेळ ज्यांना नटांच्या तरुण रूपात पाहिले तेच हे, हे उमगते. कोणाचा गळा दाटतो, कोणाला बोलता येत नाही. परक्या देशातील या म्हाताऱ्यांचा शब्द न् शब्द आम्ही पाच रात्री श्वास रोखून ऐकला. आणि आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या, पन्नास वर्षे आमच्या मागच्या बाकावर उपासनेस बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला आम्ही एकदाही काही विचारले नव्हते. विचारले ते एवढेच, की खरा रंग भरला असता उठता का?

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांकडे गेलो व क्षमा मागितली. ते म्हणाले, ''तुमचं काय चुकलं? तुम्हाला ते चित्र. मला तो आवाज.'' बराच वेळ आम्ही दोघे गप्प बसलो. मग त्यांनी आपल्या एका सोबत्याचे नाव घेतले. तो परत आला नव्हता. इतक्या वर्षांत ते नाव आम्ही प्रथमच ऐकले. त्यांनी आणखी काही सांगितले नाही, आम्हीही खोदून विचारले नाही. निघताना त्यांनी प्रार्थना करण्यास सांगितले, तेव्हा आम्ही ते नाव घेऊन प्रार्थना केली.

तेव्हा युद्धमालिका पाहाव्यात की नाहीत? सरसकट बंदी घालण्याचे आमच्या मनात नाही. पण पाहावयाचेच तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लहान मुलांना शेजारी बसवू नये. मोठ्या मुलांना एकटे पाहू देऊ नये. पाहून झाल्यावर लगेच दुसरा कार्यक्रम न लावता संच बंद करून त्यांना काय वाटले ते विचारावे, आणि जे दाखविले ते खरेच तसे घडले का हेही शोधण्यास लावावे. घरात वा शेजारी सैन्यातून आलेला कोणी असेल, दंगलीत वा अपघातात आपले माणूस गमावलेला कोणी असेल, तर त्याच्यासमोर संच लावण्यापूर्वी त्याची इच्छा जाणून घ्यावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दावीद आणि गल्याथ ही गोष्ट मुलांना फार आवडते. तिच्याबरोबर २ शमुवेल २३ मधील बेथलेहेमच्या विहिरीची गोष्टही सांगावी. तीन वीर जिवावर उदार होऊन, शत्रूची फळी फोडून दावीदासाठी पाणी आणतात, परंतु ते पाणी त्याच्याने पिववत नाही. ते त्या माणसांचे रक्तच आहे असे त्याला वाटते, व तो ते परमेश्वरापुढे ओततो. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्याने प्राण पणाला लावला ती चैनीने घोट घोट पिण्याची वस्तू नव्हे, हे गोफण चालविणाऱ्या दावीदाला कळले होते. आपल्या मुलांनाही ते कळावे.

आता हवालदारकाका येतात तेव्हा आमच्या घरचा संच बंद असतो. मध्यंतरी एकदा ते आले, चहा पूर्ण प्याले, आणि नातवाला जवळ घेऊन त्यांनी काठीच्या बंदुकीचे काय केलेस असे विचारले. नातवाने ती घरामागे घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवली होती. काकांना तो वेल पाहावयाचा होता. दोघे हात धरून मागच्या दारी गेले.